मुंबईच्या पावसात जपानी बोन्साय माती: अकादामा, कानुमा आणि ह्यूगा वापरून बनलेलं माझं मत

अकादामा, कानुमा आणि ह्यूगा या जपानहून येणाऱ्या, ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दाणेदार माती. बोन्सायसाठी, म्हणजे उथळ कुंडीत छोटी ठेवून वाढवलेल्या झाडांसाठी, त्या विकतात. घाईत असाल तर एवढंच वाचा. ह्यूगा घ्या, ती मुंबईत टिकते. कानुमा फक्त अझेलियासारख्या आम्ल माती मागणाऱ्या फुलझाडांसाठी घ्या. अकादामा घ्यायची तर भाजलेली, कडक दर्जाचीच घ्या आणि कुंडी पत्र्याखाली ठेवणार असाल तरच. मऊ अकादामा घालून कुंड्या उघड्या गच्चीवर पावसात ठेवायच्या असतील तर ते पैसे चांगल्या कात्रीवर घाला.

आता सविस्तर. मी घाटकोपरला एका माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. इमारतीचा पाया खणण्याआधी बोअर मारून नमुने काढतात, ते आमच्याकडे येतात. खाडीकाठचा काळा चिखल, त्याखाली मुरूम, त्याखाली काळा कातळ, असा मुंबईचा पोटातला नकाशा रोज हाताखालून जातो. घरी, मुलुंडला, गच्चीवर सोसायटीच्या परवानगीने बोन्साय ठेवले आहेत. वड, पिंपरी, चिंच, कुंती, बोगनवेल आणि माझा सगळ्यात जास्त जीव जिच्यावर आहे ती जुनिपर, सुरूसारखं दिसणारं सदाहरित झाड. त्यामुळे ही माती मी झाडवाली म्हणूनही पाहिली आणि चाळणीवाली म्हणूनही.

दादरच्या ज्या नर्सरीवाल्याकडून मी पहिली बॅग घेतली, ते म्हणाले, "ताई, ज्वालामुखीची माती आहे. पाणी धरतेपण आणि सोडतेपण. घाला आणि विसरा." मी म्हटलं, "दादा, ज्वालामुखीवर तर आपणही बसलोय, अंधेरीची गिल्बर्ट हिल काय आहे मग?" ते हसले आणि म्हणाले, "मग आपलीच खडी वापरा की!"

त्यांनी हसत सांगितलं, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. आपला दख्खनचा कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा. तो सावकाश थंड झाला, घट्ट बसला आणि त्याच्या झिजेतून आपली काळी माती झाली. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते. जपानी बॅगेत आहे ती हवेत उडालेली राख आणि प्युमिस, म्हणजे फेसाळ काच. ती क्षणात थंड झालेली असल्यामुळे तिला स्फटिक बनायला वेळच मिळालेला नसतो. अशी काच पाण्यात लवकर झिजते आणि तिच्यातून अ‍ॅलोफेन नावाचं खनिज तयार होतं. त्याचे कण म्हणजे ३.५ ते ५ नॅनोमीटरच्या पोकळ गोळ्या. त्यांच्याबरोबर बऱ्याचदा इमोगोलाइट असतं, त्याच्या बारीक नळ्या असतात. जपानी शास्त्रज्ञांनी १९६२ साली त्याला हे नाव दिलं. आत पोकळी, बाहेर पोकळी आणि दाण्यादाण्यांमध्येही पोकळी. म्हणून ही माती भरपूर पाणी धरते आणि तरी हातात घेतली तर हलकी लागते. अशा मातीची नैसर्गिक घनता घनसेंटिमीटरला ०.९ ग्रॅम किंवा त्याहून कमी भरते. आमच्याकडे येणारी रोजची माती याच्या दीडपट-पावणेदोनपट जड असते. बॅग उचलली तेव्हा हे अंगाला जाणवतंच.

अकादामा येते कांतो पठारावरून, मुख्यतः तोचिगी आणि इबाराकी या भागांतून. तिथे खणलं की वर काळी माती लागते, तिच्याखाली तांबडी अकादामा आणि काही ठिकाणी त्याखाली पिवळसर कानुमा. कानुमा हा आकागी ज्वालामुखीचा सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीचा प्युमिस आहे, मुरून मऊ पडलेला. ह्यूगा दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरची. तीही प्युमिसच, पण पुष्कळ कडक.

पहिली तपासणी चाळणीची. बॅगेवर मध्यम दाणा लिहिलेलं होतं. मी ४.७५ मिमी, २ मिमी आणि खाली १ मिमीची चाळणी लावून हातानेच हळू हलवली, कारण यंत्रावर लावली तर यंत्रच दाणे फोडतं. अकादामाच्या बॅगेच्या तळाशी तांबड्या पिठाचा जाड थर निघाला. हे पीठ विक्रेत्याच्या लबाडीमुळे येत नाही. मऊ दाणे बोटीच्या, ट्रकच्या आणि गोदामाच्या प्रवासात एकमेकांवर घासून ते तयार होतं. ते कुंडीत घालू नका. ह्यूगाच्या बॅगेत पीठ नावापुरतं होतं आणि कानुमा दोघींच्या मधोमध.

दुसरी तपासणी पाण्याची. तिन्ही माती काचेच्या भांड्यांत रात्रभर भिजवल्या आणि सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून दाबला. कडक अकादामाचा दाणा थोडा विरोध करून फुटला. मऊ अकादामाचा दाणा दाबला गेला, आतून पाणी सुटलं आणि बोटांवर साबणासारखा बुळबुळीत थर उरला. बोटं चोळत राहिले तर तो आणखी पातळ झाला, हात थांबवला तर थोडा घट्ट वाटला. राखेच्या मातीची ही खूणच आहे. पाणी पोकळ्यांत डांबलेलं असतं, ढाचा मोडला की ते सुटतं आणि घट्ट दिसणारी माती एकाएकी वाहायला लागते.

हे वाचून माहीत असणं वेगळं आणि बोटांना कळणं वेगळं. मला त्या वेळी होक्काइडोच आठवलं. ६ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे उत्तर जपानच्या त्या थंड बेटावर अत्सुमा गावाच्या परिसरात भूकंप झाला आणि जंगलाने झाकलेल्या टेकड्यांवर हजारो दरडी कोसळल्या. उतार पाहिले तर फार उभे नव्हते. वर झाडं होती आणि खाली जुन्या उद्रेकांच्या राखेचे, प्युमिसचे थर होते. तळाचा मुरलेला, पाण्याने भरलेला मऊ थर हलला आणि वरचं सगळं जंगल झाडांसकट सरकलं. त्या भूकंपात चाळीसहून अधिक माणसं गेली. आमच्या कामात दरडीच्या जागांचे नमुने येतात तेव्हा मी हे फोटो नव्या मुलांना दाखवते. चिमटीत जो एक दाणा फुटतो, तेच तिथे अख्ख्या डोंगरउतारावर घडलं.

इथेच निचऱ्याची गोष्ट येते आणि माझ्या मते सगळे विक्रेते नेमकी हीच गाळतात. 'ज्वालामुखीची माती म्हणजे उत्तम निचरा' हे वाक्य प्रत्येक पाकिटावर असतं. खरं तर या मातीचा निचरा उत्तमही असतो आणि वाईटही, आणि ते जागेवर ठरतं. अमेरिकन मृदा वर्गीकरणात राखेच्या मातींना १९९० साली स्वतःचा गण मिळाला, अँडिसोल. त्यातल्या पाणथळ मातींचा वेगळा उपगण आहे, अ‍ॅक्वँड, आणि त्यातही थंड प्रदेशातल्यांना क्रायअ‍ॅक्वँड म्हणतात. म्हणजे राखेची, पाण्यात बसलेली आणि वर्षाचं सरासरी तापमान ८ अंशांच्या खाली असलेली माती. पाकिटावरच्या वाक्याला छेद देणारी अशी ही माती प्रत्यक्षात आहे आणि तिच्यावर जंगलं उभी आहेत.

अमेरिकेच्या वायव्येला कॅस्केड पर्वतरांग आहे. तिथे मझामा नावाचा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला. शिखर आत कोसळलं आणि त्या खड्ड्यात आज ५९४ मीटर खोल क्रेटर लेक आहे. त्याची राख उत्तरेला कॅनडापर्यंत पसरली आणि आजही तिथल्या डोंगरी जंगलांत मातीचा वरचा थर बऱ्याच ठिकाणी तिचाच आहे. सपाट खोलगट जागी, जिथे बर्फ वितळून पाणी उतरतं, तिथे ही माती वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत भिजलेलीच राहते. थंडीमुळे पालापाचोळा कुजत नाही, वर काळा थर साचतो. खाली हवा पोचत नाही, म्हणून लोहाचा तांबडा रंग जाऊन माती राखाडी होते आणि तिच्यात गंजासारखे ठिपके दिसतात. अशा जागी झाडांची मुळं खोल जात नाहीत, वरच्या थरातच पसरतात आणि मोठा वारा सुटला की झाड मुळांच्या थाळीसकट आडवं होतं.

दुसरी गोष्ट तिथल्या वनखात्याचे लोक फार जपतात. राखेचा थर हलका आणि पोकळ असल्यामुळे ओला असताना त्यावर लाकूडतोडीची अवजड यंत्रं नेली की तो दबतो, आणि दबला की पुन्हा मोकळा व्हायला दशकं लागतात. आता कुंडीत बोन्साय लावताना आपण काय करतो ते आठवा. माती भरली की चॉपस्टिकने खुपसतो आणि वरून अंगठ्याने दाबतो. बियाणं पेरताना, कुंपणाची रोपं किंवा गुलाब लावताना, सगळीकडे तशीच सवय आहे. अकादामाला हे चालत नाही. काडी फक्त मुळांमधली पोकळी भरायला हळू फिरवायची, खुपसायची नाही. अंगठा तर लावायचाच नाही. या मातीत सगळं मोल दाण्याचं आहे. दाणा शाबूत आहे तोवर पाणी दाण्याच्या आत राहतं आणि हवा दाण्यांच्या मध्ये. साबुदाणा नीट भिजला की खिचडीत दाणा दाणा सुटा राहतो आणि जास्त भिजला की लगदा होतो. इथेही तसंच आहे.

आता गच्चीवरचं. मी जुनिपर आणि कुंतीच्या काही कुंड्या मऊ अकादामात, काही कडक अकादामात आणि काही ह्यूगा जास्त घातलेल्या मिश्रणात लावल्या. प्रत्येकीतल्या काही पत्र्याच्या शेडखाली ठेवल्या आणि काही उघड्यावर. टोकियोत वर्षभरात साधारण १,६०० मिमी पाऊस होतो. सांताक्रूझला नुसत्या जून ते सप्टेंबरात सरासरी २,३०० मिमीच्या आसपास, आणि त्यातला बराचसा सलग, जोरात, थेंबाने मार देत. अकादामाचा जपानातला आणि युरोपातला मोठा शत्रू म्हणजे गोठणं. दाण्यातलं पाणी गोठून फुगतं आणि दाणा फोडतं. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. आपल्याकडे दाणा मरतो थेंबाच्या मारानं आणि महिनोन्महिने कधीच न सुकल्यानं.

उघड्यावरच्या मऊ अकादामाची गत श्रावणातच दिसायला लागली. वरचा थर सपाट झाला, त्यावर हिरवं शेवाळ धरलं आणि पाणी घातल्यावर उतरायच्या ऐवजी कडेपर्यंत उभं राहायला लागलं. दिवाळीनंतर एक जुनिपर काढून मुळांचा गोळा करवतीच्या पात्याने उभा कापला. वर दाणे बऱ्यापैकी सुटे होते. मधे तांबडा लगदा होता. तळाशी, बोटभर जाडीचा, राखाडी निळसर चिखल आणि त्याला सडक्या अंड्याचा वास. त्या थरात एकही पांढरं मूळ नव्हतं, सगळी काळी पडून सालटं सुटलेली. वर सांगितली ती थंड डोंगरातली राखाडी ठिपक्यांची पाणथळ माती एका हातभर कुंडीत, मुलुंडच्या गच्चीवर तयार झाली होती. फक्त तिथे बर्फाचं पाणी आणि इथे आपला आषाढ.

शेडखालच्या मऊ अकादामाचं असं झालं नाही. कोपऱ्यांत थोडा भुगा झाला होता, पण मुळं पांढरी आणि टोकांशी जिवंत होती. कडक अकादामा शेडखाली जवळपास जशी घातली तशीच निघाली. उघड्यावर तिच्या वरच्या थराचा चुरा झाला, पण तळ कोरडा राहू शकला. ह्यूगाच्या कुंड्यांना पावसाचं काहीच वाटलं नाही. काढून धुतली आणि पुन्हा वापरली.

म्हणून ह्यूगाबद्दल थोडं अधिक सांगते, कारण या तिघींमध्ये तिचं नाव सगळ्यात कमी घेतलं जातं आणि मुंबईला तीच सगळ्यात जास्त लागू पडते. दाणा पिवळसर करडा, खरखरीत, अंगावर बारीक छिद्रं. नखाने घासला तर नखच झिजतं. अकादामाइतकं पाणी ती धरत नाही आणि खतही तेवढं धरून ठेवत नाही. म्हणून मे महिन्यात, उन्हाच्या झळा लागतात तेव्हा, ह्यूगात लावलेल्या छोट्या कुंड्यांना दोनदा पाणी द्यावं लागतं. सकाळी कामावर निघायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. ज्यांना ते जमत नाही त्यांनी ह्यूगात थोडं कोकोपीट किंवा कडक अकादामा मिसळावी. मी जुनिपरसाठी ह्यूगा जास्त आणि कडक अकादामा कमी, असं घेते. वडाला आणि पिंपरीला मात्र यातलं काहीही लागत नाही. वडाला विटेचा चुरा आणि थोडं शेणखत दिलं तरी तो खूश असतो. वडावर अकादामा खर्च करणाऱ्या आमच्या बोन्सायच्या ग्रुपमधल्या काकांना मी हे तोंडावर सांगितलं आहे, त्यांनीही मनावर घेतलं.

कानुमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती आम्ल आहे, मऊ आहे, आणि जपानात सात्सुकी अझेलियाला वापरतात. थंड हवेच्या ठिकाणाहून येणारी अझेलिया मुंबईत आणून जगवायचा हट्ट ज्यांना आहे, त्यांना कानुमाने निश्चित मदत होते, कारण आपल्या नळाचं पाणी आणि नेहमीची बागेची माती तिला चालत नाही. पण तिला खरी अडचण इथल्या उकाड्याची आहे, आणि ती माती बदलून सुटत नाही. कानुमाचा एक फायदा मला मनापासून आवडला. सुकी असताना ती फिकट असते, ओली झाली की गडद पिवळी. पाणी द्यायचं की नाही हे लांबून कळतं. नवशिक्यांनी छोट्या कुंडीच्या वरच्या थरात ती मूठभर घातली तर पाणी कधी द्यायचं ते शिकायला सोपं जातं.

खताची गोष्ट पाकिटावर कुठेच लिहिलेली नसते, म्हणून इथे लिहिते. अ‍ॅलोफेन असलेली माती फॉस्फेट घट्ट धरून ठेवते, इतकं की मृदा वर्गीकरणात या मातींच्या ओळखीच्या कसोट्यांमध्ये ८५ टक्क्यांहून अधिक फॉस्फेट धरून ठेवणं ही एक कसोटी आहे. आपण रिपॉटिंग करताना बोनमील किंवा सुपर फॉस्फेट मुठीने घालतो. अकादामात आणि कानुमात त्यातलं बरंचसं मातीच गिळते, झाडापर्यंत पोचत नाही. मी एकदाच भरपूर घालायच्या ऐवजी पातळ द्रवखत थोडंथोडं, पुन्हा पुन्हा देते. फुलांसाठी बोगनवेल लावणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवायलाच हवं.

आता खोट्या मालाबद्दल. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या 'अकादामा'च्या पाकिटात दाणे अगदी एकसारखे लाल होते, नखाने ओरखडा उठत नव्हता आणि भिजवल्यावर रंग जवळजवळ बदलत नव्हता. मला शंका आली. प्रयोगशाळेत राखेची माती ओळखायची एक जुनी चाचणी आहे. फिनॉल्फ्थलीन लावलेल्या गाळणकागदावर चिमूटभर माती ठेवायची आणि सोडियम फ्लोराइडचा थेंब सोडायचा. अ‍ॅलोफेन असेल तर फ्लोराइड त्याच्या अंगावरचे हायड्रॉक्सिल सोडवतं, द्रावण अल्कली होतं आणि कागद गुलाबी चढतो. चुना असला तरी तो चढतो, म्हणून आधी पातळ आम्लाचा थेंब टाकून फसफसतं का ते बघायचं. नर्सरीतल्या खऱ्या अकादामाखाली कागद बघता बघता गडद गुलाबी झाला. त्या पाकिटातल्या दाण्यांखाली तो तसाच पांढरा राहिला. ते भाजलेल्या विटेचे तुकडे होते. विटेचा तुकडा कुंडीसाठी वाईट नाही, मी स्वतः वापरते. पण त्यासाठी लिटरमागे काही शे रुपये कोणी देत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. सोडियम फ्लोराइड विषारी आहे, ही चाचणी घरी करू नका. घरी एवढंच करा: दहा-बारा दाणे भिजवा, रात्रभर फ्रीजरमध्ये गोठवा, सकाळी बाहेर काढून वितळू द्या आणि बोटाने ढवळा. लगदा झाला तर ती मऊ अकादामा. बरेचसे दाणे शाबूत राहिले तर कडक. काहीच बदल झाला नाही, पाणीही लालसर झालं नाही, तर नखाने तपासा; ओरखडाही उठला नाही तर ती वीट असण्याची शंका घ्या.

आणखी एक. परदेशातून माती आणण्यावर आपल्याकडे २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाची बंधनं आहेत, कारण मातीबरोबर कीड आणि रोग येतात. म्हणून परदेशातून कोणाच्या बॅगेतून गुपचूप आणवू नका. दुकानदाराकडे माल कुठून, कशा परवानगीने आला याची बिलं आणि कागद मागा. चांगला दुकानदार दाखवतो. माझ्या नर्सरीवाल्यांनी कागद दाखवले, वर चहाही पाजला. कुरकुर करणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही.

आणि कुंडीच्या तळाशी जाड खडीचा थर घालण्याबद्दल. आपल्याकडे आजीपासून ही पद्धत आहे आणि नर्सरीवालेही ह्यूगाचा जाड दाणा त्यासाठीच विकतात. राखेच्या डोंगरांत निसर्गाने हाच प्रयोग करून ठेवला आहे. उद्रेकात आधी जाड प्युमिस पडला आणि त्यावर बारीक राख बसली, की वरच्या बारीक थरातलं पाणी खालच्या जाड थरात सहज उतरत नाही. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि वरचा थर जवळपास पूर्ण भरेपर्यंत ते खाली सोडत नाहीत. कुंडीतही तसंच होतं. बारीक मातीखाली खडी घातली की ओला पट्टा तळाला राहायच्या ऐवजी खडीच्या वर सरकतो आणि मुळांच्या जवळ येतो. उथळ बोन्साय ट्रेमध्ये दीड-दोन इंच माती असते, त्यात हा पट्टा म्हणजे निम्मी जागा गेली. भोकावर जाळी लावा आणि वरपासून खालपर्यंत एकाच मापाचा चाळलेला दाणा भरा. उरलेलं जाड ह्यूगा मोठ्या ड्रममधल्या झाडांसाठी ठेवा.

किमतीचं बोलायचं तर तिन्ही माती देशी मिश्रणाच्या कितीतरी पट महाग आहेत, आणि मुंबईत जागा एवढी कमी की आपल्याकडच्या बहुतेकांच्या कुंड्या लहानच असतात, म्हणून एक बॅग बरीच पुरते. माझ्या दृष्टीने जिथे पैसे वसूल होतात ते झाड म्हणजे जुनिपर, आणि शेडखालची उथळ ट्रे. बाकी सगळ्यांसाठी विटेचा चुरा, जांभ्याची बारीक खडी, पर्लाइट आणि थोडं गांडूळखत, सगळं चाळून, धुवून. पर्लाइट हीसुद्धा ज्वालामुखीची काचच, भट्टीत फुगवलेली, आणि आपल्याकडे सहज मिळते. हलकी असल्यामुळे मुसळधार पावसात ती वर तरंगून येते, म्हणून वर बारीक खडीचा पातळ थर द्या.

पुढच्या खेपेला मी ह्यूगाच्या दोन बॅगा आणि कडक अकादामाची एक घेणार आहे. मऊ अकादामाची उरलेली अर्धी बॅग ग्रुपमधल्या एका ताईंना दिली. त्यांची खिडकी पूर्वेला आहे, वर स्लॅब आहे आणि पावसाचं पाणी आत येत नाही. त्यांच्या जेडला ती अजून छान लागतेय. ज्यांना दादरहून बॅग घरपोच हवी असेल त्यांनी पावसाच्या आधी मागवा. जुलैत टेम्पोत भिजलेली बॅग मी पाहिली आहे, तळाशी चिखल झाला होता.